पाटलाची चोच

पाटलाच्या वरच्या चोचीचं टोक खालच्या चोचीच्या ९.२ मिलिमीटर पुढे आलं होतं. मागच्या रविवारी ते ८.८ होतं. साधनाने शाळेतून आणलेला व्हर्नियर कॅलिपर पुसला आणि वहीत तारखेपुढे आकडा लिहिला. खाली चोचीचं वर्णन: मुळाशी लाल, मधे दोन काळसर रेघा, कडेला पापुद्रे.

"सोडू काय याले आता?" तिचे सासरे नत्थुजी यांनी विचारलं. टॉवेलात गुंडाळलेला पोपट त्यांच्या मांडीवर होता.

"सोडा, मामाजी."

"चौदा रविवार झाले," सासरे म्हणाले. "तू मोजून राह्यली अन् तो उपाशी मरून राह्यला. मोजल्यानं कमी होते काय व ते?"

साधनाने वही मिटली. पाटलाला आता दाणा उचलता येत नव्हता. नत्थुजी भिजवलेली डाळ बोटावर घेऊन भरवत. त्यातली अर्धी खाली पडे.

नऊ वर्षांपूर्वी नांदगाव खंडेश्वरच्या शेतात वादळाने कडुलिंबाची फांदी मोडली, तेव्हा ढोलीतून पडलेलं हे पिल्लू नत्थुजींनी टोपीत घालून घरी आणलं. पुढे त्यांची पत्नी दुर्गाबाई गेल्या, शेत थोरल्या मुलाकडे गेलं, आणि नत्थुजी एक वळकटी व एक पिंजरा घेऊन अमरावतीला धाकट्या गोपालकडे राहायला आले. गोपाल आणि साधना कामावर गेले की दिवसभर घरात नत्थुजी आणि पाटील.

साधना शाळेत प्रयोगशाळा सहायक होती. ऑक्टोबरात वन्यजीव सप्ताहाचा फलक तीच लिहायची. 'आपल्याकडचे पोपट पाळणे हा कायद्याने गुन्हा आहे' हे वाक्य तिने आजवर नऊ वेळा सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. मामाजी राहायला आल्यापासून दर वेळी शाळेतून परत येताना ती ठरवायची, आज त्यांच्याशी बोलायचं. दार उघडलं की पाटील म्हणायचा, "आली का बाई?" सासरे हसायचे, आणि बोलणं राहून जायचं.

डॉक्टरकडे न्यायचं तरी हीच अडचण होती. अमरावतीत तिला ओळखणारे फार. म्हणून सोमवारी रजा टाकून तिने सासऱ्यांबरोबर अकोल्याची गाडी धरली. तिथे सांगायचं काय, तेही घरीच ठरलं होतं: पोपट काल अंगणात सापडला.

मूर्तिजापूरला समोर एक बाई येऊन बसली. नत्थुजींच्या मांडीवरची झाकलेली टोपली हलताना पाहून तिने विचारलं, "काय हाय बाबाजी यात?"

"कोंबडी."

टोपलीतून आवाज आला, "आली का बाई?"

बाईने टोपलीकडे पाहिलं, मग नत्थुजींकडे. "बोलते व्हय तुमची कोंबडी?"

"शिकलेली हाय. माही सून शाळेत हाय ना."

साधना खिडकीबाहेर बघत राहिली.

अकोल्यात पक्ष्यांवर उपचार करणारी डॉक्टर प्रतीक्षा वयाने लहान होती. तिने पाटलाला हलक्या हाताने धरलं, छातीचं हाड चाचपलं, चोच उजेडात फिरवून पाहिली.

"कधीपासून आहे हा तुमच्याकडे?"

"काल सापडला," नत्थुजी म्हणाले. "अंगणात."

"मग कठीण आहे." प्रतीक्षाने चोचीच्या मुळाशी बोट ठेवलं. "आत गाठ असेल तर चोच सहसा एकदम आणि वाकडी वाढते. आहाराने, यकृतामुळे असेल तर हळूहळू. ही कशी वाढली ते कळलं असतं तर बरं झालं असतं. कालच सापडलेल्या पक्ष्याचं कसं सांगणार?"

नत्थुजींनी साधनाकडे पाहिलं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी टोपलीचं झाकण धरून ठेवलं होतं.

साधनाने पर्समधून वही काढली आणि टेबलावर उघडी ठेवली.

प्रतीक्षा एकेक ओळ वाचत गेली. पानं उलटली, पुन्हा मागे आली. "आठवड्याला अर्ध्या मिलिमीटरच्या आत. आणि सरळ," ती म्हणाली. "ताई, हे फार नीट लिहिलंय. काय खायला देता?"

"शेंगदाणे. सूर्यफुलाच्या बिया. अन् भिजवलेली डाळ," साधना म्हणाली. "नऊ वर्षं आमच्याकडेच आहे तो."

"तेलाचं खाणं आणि चोच झिजवायला काही नाही. रक्त तपासू, पण मला गाठ वाटत नाही."

नत्थुजी स्टुलावर बसले. "म्हंजे मरत नाही काय हा?"

"नाही मरत, काका. धरा याला."

छोट्या मशीनने चोच घासायला दहा मिनिटं लागली. पांढरी भुकटी नत्थुजींच्या बाहीवर पडली. प्रतीक्षाने पेरूची फोड पुढे केली. पाटलाने मान तिरकी करून ती पाहिली, पायात धरली आणि स्वतः तोडली.

"जेवले," नत्थुजी म्हणाले. "जेवले पाटील." त्यांनी टॉवेलाने डोळे पुसले, मग त्याच टॉवेलाने टेबल पुसायला लागले.

हात धुऊन प्रतीक्षा त्यांच्यासमोर बसली. "चोच पुन्हा वाढेल. दर दोन महिन्यांनी घासावी लागेल. खरं तर त्याला उडायला जागा पाहिजे, कुरतडायला झाडाची साल पाहिजे. पिंजऱ्यात ते होत नाही. वनखात्याकडे दिला, तर आता बाहेर जगू न शकणाऱ्या पक्ष्यांसाठी जाळीचं मोठं दालन असतं. तुम्ही स्वतःहून सांगितलेलं बरं. माझ्या कागदावर मी नऊ वर्षंच लिहीन."

"तिथं दुसरे पोपट असतीन?"

"असतील, काका."

नत्थुजींनी बाहीवरची भुकटी झटकली. पाटील पेरूची साल सोलून टेबलावर टाकत होता.

"लिंबावरून पडला तवापासून त्यानं दुसरा पोपट पाह्यलाच नाही," ते म्हणाले. मग सुनेकडे वळले. "तू काहून बोलत नाहीस व? तुह्या मनात काय हाय ते सांग ना."

साधनाला नेहमी वाटायचं, हे सांगायला खूप शब्द लागतील. तिने सालीचे तुकडे तळहातावर गोळा केले.

"मामाजी," ती म्हणाली, "पाटलाला आपण देऊन टाकू. उद्याच. दोघं मिळून नेऊन देऊ."