बिनखिडकीचा बर्फ कारखाना

मित्रांनो, मी एक जुना बर्फाचा कारखाना आहे. ‘बिचारा’ म्हणालात तर याद राखा!

माझ्या भिंती दुहेरी आहेत आणि मधल्या पोकळीत लाकडाचा भुसा ठासून भरलाय. खिडकी एकही नाही. दार हातभर जाड. बाहेर ऊन रणरणत असायचं आणि आत कामगारांचे दात वाजायचे. मासळीवाले, दूधवाले, सरबतवाले उजाडायच्या आधीच माझ्या दारात भांडत उभे! गावात लग्न असो की कुणाला ताप, माझ्या लादीवाचून पान हलत नव्हतं.

मग घरोघरी फ्रिज आले. माझी यंत्रं भंगारात गेली, दाराला कुलूप लागलं. ज्यांच्या डोक्यावर मी बर्फ ठेवला, तेच मला ‘भूतबंगला’ म्हणू लागले.

यंदा नगराध्यक्ष आले. म्हणाले, “याला साधी खिडकी नाही. काय उपयोग? पाडा आणि पार्किंग करा.”

पाडा? मला?

तेवढ्यात पुढे आली टकटक. ही दहावीतली मुलगी बाकं, ताटं, दिसेल ते बडवते, म्हणून हे नाव. तिला आणि तिच्या ड्रमवाल्या मैत्रिणींना गल्लीतल्या प्रत्येक गच्चीवरून हाकललं होतं.

“काका, हा कारखाना आम्हाला सरावाला द्या.”

“आणि शेजाऱ्यांच्या झोपेचं खोबरं?”

“तुम्ही बाहेर थांबा. आवाज आला तर खुशाल पाडा!”

मुली आत शिरल्या. दार बंद झालं. आणि काय बडवलं म्हणून सांगू! माझं छत थरथरलं, कित्येक वर्षांची धूळ भुरभुर गळाली. पण मी भिंती गच्च आवळून उभा राहिलो. एक ठोका बाहेर जाऊ दिला नाही.

बाहेर नगराध्यक्ष जांभया देत होते. शेवटी ते मुलींसोबत आलेल्या टकटकच्या मावशीवर वैतागले. “अहो, तुमच्या भाचीला सांगा, सुरू करायला!”

“भाऊसाहेब, त्यांचं कधीचंच सुरू आहे!”

त्यांनी दार ओढलं मात्र, असा दणका बाहेर आला की ते दोन पावलं मागे हटले. मावशी हसून हसून पायरीवर बसली.

पार्किंग दुसरीकडे गेलं. मला पंखे बसले, दिवे लागले. माझ्या पोटात आता रोज दंगा असतो.

मित्रांनो, तुमच्याही गावात एखादी गिरणी, एखादं गोदाम कुलपात असेल. किल्ली मागा, आत जा, भिंतींना हात लावून बघा. आमचं अंग अजून धडधाकट आहे. तुमची यायची तयारी आहे का, तेवढं बोला!