तारेपलीकडचं हरीण

आमच्या मोंटानात सरकारी जमीन इतकी आहे की नकाशावर तिचा पिवळा रंग संपता संपत नाही. ती सगळ्यांची आहे म्हणे. तिच्यावर पाय ठेवायला मात्र वाट नाही, कारण चहूबाजूंनी खाजगी कुरणं.

म्हातारा हॅल्व्हर्सन होता तोवर बरं होतं. त्याचं दार वाजवायचं, कॉफी प्यायची, "फाटक होतं तसं ठेवा" एवढं ऐकायचं आणि त्याच्या रँचमधून मागच्या सरकारी टेकडीवर शिकारीला जायचं. वसंतात आम्ही दोघं भाऊ त्याचं कुंपण ताणून द्यायचो. झालं. म्हातारा गेला, मुलांनी रँच विकली. नवा मालक वर्षातून एकदा विमानाने येतो. त्याने फाटकांना कुलपं ठोकली. आता त्या फाटकांतून फक्त त्याचे बडे पाहुणे आत जातात, आणि सगळ्यांच्या टेकडीवर एकटेच शिकार करतात.

ओरिन माझा मोठा भाऊ. खाणीतल्या धुळीने त्याची फुप्फुसं गेलीत. घरात लेक आणि नातवंडं, आणि फ्रीजर रिकामा. त्याच्याकडे हिवाळाभर हरणाचंच मटण असतं. शिकारीचा अख्खा मोसम आम्ही वाट शोधत हिंडलो. कुठे कुलूप, कुठे पाटी, कुठे "या वर्षी नाही हो". शेवटच्या रविवारी नदीवर आलो. नदीचं पाणी कुणाच्या बापाचं नाही, आणि एका वळणावर ती टेकडीला खेटून जाते.

"ही होडी आहे की चाळणी?" ओरिन म्हणाला.

"पाणी उपस. बोलून दम घालवू नकोस."

"दम असता तर तुझ्याबरोबर आलो असतो का?"

काठाचा बर्फ फोडून उतरलो. ती चढण ओरिनने बसत, खोकत, शिव्या देत पार केली. दुपारी खाली हरणाचा एक तरणा नर दिसला. ओरिनने दगडावर बंदूक टेकवली आणि गोळी अचूक खांद्यामागे घातली. पण गोळी लागलेलं हरीण पळतंच. ते उतारावरून सुटलं, नव्या मालकाच्या कुंपणावरून उडालं आणि पलीकडे कोसळलं. टोपी फेकली तर त्याच्यावर पडेल इतकं जवळ.

मी तार वर उचलली.

"थांब," ओरिन म्हणाला. "विचारायला हवं."

"कोणाला? कुत्रं नाही इथे!"

"न विचारता कुणाच्या कुंपणात शिरलो नाही कधी. आता मरताना चोर होऊ?"

कुंपणावरच्या पाटीवर नंबर होता. मी फोन लावला. कुणा पोरीने गोड आवाजात सगळं लिहून घेतलं. बऱ्याच वेळाने पलीकडून गाडी आली. रँच सांभाळणारा किप उतरला. त्याचा बाप आमच्याबरोबर याच टेकडीवर यायचा.

"ओरिनकाका, विचारलंत कशाला हो?" तो आल्या आल्या म्हणाला. "गुपचूप नेलं असतंत तर मी बघितलंच नसतं. तो फोन थेट मालकाच्या ऑफिसात जातो. तो नाही म्हणाला."

"मग तू ओढून दे इकडे," मी म्हणालो.

"हातही लावू नकोस म्हणालाय. कोल्हे खातील म्हणे."

"आणि तू हो म्हणालास?"

"लाइलकाका, मी राहतो ते घर त्याचं आहे. पोरं लहान आहेत माझी."

मारलेलं जनावर सडू देणं गुन्हा. ते आणायला तार ओलांडणं गुन्हा. असले कायदे लिहिणारे हरीण ताटातच बघतात.

ओरिन खाली बसला. कितीतरी वेळ नुसता खोकत होता. मग म्हणाला, "चल. होडी गाठू."

त्याच्यात दुसऱ्या हरणामागे जाण्याइतकं काही उरलं नव्हतं, आणि मोसमही आजच संपत होता. मला रागसुद्धा नीट येईना, इतका मी थकलो होतो. मी बंदूक त्याच्याजवळ ठेवली, सुरी घेतली आणि तारेखालून सरपटत पलीकडे गेलो.

"लाइल! मागे ये!"

"मला पोलिसांना फोन करावा लागेल, काका," किप म्हणाला.

"कर. आडनाव नीट सांग."

त्याने आमच्याकडे पाठ केली आणि फोन कानाला लावला. मी हरीण फाडलं. आतडी काढली, मागच्या तंगड्या सांध्यातून सोडवल्या. घाई केली नाही. घाईत कापलेलं मटण खराब होतं. माझा शिकारीचा परवाना आता काही वर्षं जाणार. जाऊ दे. तो खिशात ठेवून जायला जागा कुठे उरली होती?

पहिली तंगडी तारेवरून पुढे केली. ओरिन हलला नाही. माझा हात भरून आला, रक्त बाहीत उतरलं, तरी मी ती तशीच धरून उभा राहिलो. शेवटी तो गुडघ्यांवर हात टेकत उठला आणि तंगडी घेतली.

"टॅग आधी बांधायचा असतो," तो म्हणाला, आणि शिकारीचा सरकारी टॅग खिशातून काढून तंगडीला बांधायला लागला.

पलीकडे किप फोनवर आमची नावं सोडून नुसते टोप्यांचे रंग सांगत होता.