गाडीआधीचं स्टेशन

आमच्या अर्जुनराव देशमुखांना घाई लई. पोरीला स्थळ यायच्या आधी मांडव घालणारं माणूस.

एकदा एक मोजणीवाला साहेब आला. दुर्बिणीतून इकडं बघितलं, तिकडं बघितलं, देशमुखांच्या आमराईत जेवला, तिथंच घोरला अन् जाताना म्हणला, "छोटी रेल्वे आली तर इकडून येईल. बघू." त्या 'बघू'वर देशमुखांनी स्टेशन बांधायला काढलं. हैद्राबादेत विद्यापीठ निघालंय, उद्या आपल्याकडं बी निघणार, म्हणून नाव ठेवलं 'विद्यापीठ स्टेशन'. आमच्या गावात तवा राधाकिशन मास्तरांची लिंबाखालची शाळा. पोरं अकरा, त्यातली चार झोपायला यायची.

जागेसाठी लिंबागणेशला गणपतीच्या देवळात जाऊन कौल लावला. मूर्तीला फुलं चिकटवायची, उजवं पडलं तर देव हो म्हणला. देशमुखांनी विचारलं, "तात्याबाच्या माळावर बांधू का?" अन् उजवं पडलं. तात्याबा माझा नवरा. तो माळ अन् त्यातली विहीर, एवढंच आमचं. त्याच्यावर चाळीस मेंढरं जगायची अन् मेंढरांवर आमी.

मी म्हणलं, "आता आमराईचं बी विचारा की."

"बायडाबाई, एका दिवसात देवाला दोनदा तरास द्यायचा नसतो," देशमुख म्हणले. तात्याबानं मान हलवली. देशमुखांपुढं त्याला तेवढंच जमतं, मेल्याला.

बांधलं बाबा. मधी तिकिटाची खिडकी, उजव्या अंगाला दगडी मुसाफिरखाना, डाव्या अंगाला बायकांची खोली, म्होरं लांबलचक फलाट. आमचा उरलेला माळ अन् विहीर मागं, कुंपणाच्या आत. मुसाफिरखान्याच्या भिंतीवर पाटी लावली. मजकूर देशमुखांचा, अक्षर मास्तरांचं: 'गाडी येईपर्यंत मुसाफिरास कोणीही उठवू नये. हुकमावरून.' हुकूम कुणाचा, ते काय लिवलं न्हाई.

तीन वर्सं गेली. रूळ टाकले ते दुसऱ्याच मुलखात. आमची मेंढरं तवर पंधरावर आली. बाकीची चाऱ्यावाचून मेली, ती मी डोळ्यांनी बघितली. मग चावडीवर गेले, समद्यांदेखत म्हणलं, "मालक, गाडी काय येत न्हाई. माळ परत द्या."

"कोण म्हणतं येत न्हाई? आज ना उद्या येणारच. माझा शब्द हाय. तवर ती जागा रेल्वेची."

"मग ठीक हाय," म्हणलं.

दुसऱ्या दिवशी जातं, तवा, वाकळा अन् पंधरा मेंढरं घेऊन मुसाफिरखान्यात जाऊन बसले. तात्याबा मागनं आला, मान हलवीत. दुपारपतोर देशमुख आले. मागं अर्धं गाव अन् मास्तर.

"ऊठ बायडाबाई. काय थट्टा लावलीस?"

"मास्तर, तेवढी पाटी वाचा," मी म्हणलं.

मास्तरांनी वाचली. त्यांचंच अक्षर, अडखळायचं कारण नव्हतं.

"मी मुसाफिर हाय, मालक. गाडी येईपतोर मला उठवता येत न्हाई. आन गाडी येणारच न्हाई असं तुमी आत्ता इथं म्हणा, मी ह्या पावली उठते. पण मग जागा रेल्वेची ऱ्हात न्हाई, आमची होईल."

देशमुखांनी गावाकडं बघितलं. गाव त्यांच्याकडं बघत होतं. मग पटका सारखा केला अन् म्हणले, "गाडी येणारच." अन् गेले.

त्याला आता बारा वर्सं झाली. मेंढरं साठ हायत. फलाटावर ती रवंथ करत बसतात, विहिरीचं पाणी पितात. तिकिटाच्या खिडकीत मी चूल मांडलीय, धूर बरा जातो. देशमुख म्हातारे झाले, कधीमधी काठी टेकत येतात अन् कुंपणाशी उभे ऱ्हातात.

मी हितनंच सांगते, "गाडीला उशीर हाय, मालक. जावा तुमी. आमी बसलोय."