पिकदाणी कोरडी राहिली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी पिकदाणी आहे. मुरडलेत ना नाक? मुरडा, मला सवय आहे. माझ्याशेजारी नाजूक मानेची काचेची सुरई असायची. तिच्याकडे पाहून लोक ‘वा!’ म्हणत आणि माझ्याकडे पाहून तोंड फिरवत. कामाच्या वेळी मात्र तेच तोंड माझ्याकडे वळवावे लागे.

एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. अंग तांब्याचे, आतून कल्हई, तोंड नरसाळ्यासारखे रुंद. मला वाटले होते, आपल्यात फुले ठेवतील. कसली फुले! मी थेट वाइनच्या दुकानाच्या तळघरात आले.

तिथे फ्रान्सहून आलेल्या जुन्या लाल वाइन पारखल्या जात. दुकान एका मालकीणबाईंचे, पण तळघर मास्तरांचे. ते कुठल्या शाळेत शिकवत नसत; चव घ्यायला शिकवत, म्हणून मास्तर. वीस-पंचवीस वर्षे मुरलेली बाटली ते आदल्या दिवशीच उभी करून ठेवत, म्हणजे गाळ तळाशी बसे. जुने बूच भुसभुशीत असते, म्हणून ते काढताना श्वास रोखत. मग बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती ठेवून वाइन हळूहळू सुरईत ओतत. गाळाची पहिली रेघ दिसली की हात थांबला. मग पेल्यात दोन बोटे वाइन घ्यायची, पांढऱ्या फडक्यावर पेला कलता करून रंग बघायचा, आधी न हलवता वास, नंतर हलवून वास, आणि शेवटी घोट. तो तोंडभर फिरवायचा आणि माझ्यात थुंकायचा. सकाळभरात वीस घोट गिळले तर दुपारी माणूस सुरईशी गप्पा मारू लागेल.

म्हणून तळघराचा नियमच होता, कितीही चांगली असो, थुंकायची. तो एकदा मोडला. फ्रान्समधल्या बोर्दो भागातली चाळीस वर्षांची एक बाटली उघडली होती. मास्तरांनी घोट घेतला, माझ्याकडे वळले, थबकले आणि डोळे मिटून त्यांनी तो चक्क गिळला. मालकीणबाईंनीही गिळला.

“ओली पानं,” मास्तर हळूच म्हणाले. “जुनी चामड्याची पेटी. आणि एवढ्या वर्षांनी आलुबुखार अजून शिल्लक आहे बघा!”

त्या दिवशी मी कोरडी राहिले. तेव्हापासून ‘पिकदाणी कोरडी’ ही तळघरातली सगळ्यांत मोठी शाबासकी झाली. माझ्या वाट्याला आलेली शाबासकी तेवढीच, तीही काम न केल्याबद्दल.

पुढे मास्तरांची लेक त्यांच्या हाताखाली शिकू लागली. तिचे नाक बापाचेच. वाइन बिघडलेली असली की ती फटकन थुंके, माझे पोट दणाणून जाई. चांगली असली की घोट तोंडात रेंगाळवी आणि बारीक धारेने सोडी.

एका हिवाळ्यात मास्तर तापाने अंथरुणाला खिळले. बरे होऊन कामावर आले, पण वास घ्यायची ताकद काही परत आली नाही. त्यांनी कोणाला सांगितले नाही. मला मात्र कळले. पूर्वी ते आधी थुंकत, आता लेकीची वाट बघू लागले. ती फटकन थुंकली की म्हणत, “गेली ही.” ती रेंगाळली की म्हणत, “छान मुरलीय.” माझ्या पोटातल्या आवाजावर पारख चालली होती, मित्रांनो! दोन वर्षे मी त्या खोट्याला हातभार लावला. सगळ्या आयुष्यात थकले नाही एवढी त्या दोन वर्षांत थकले.

लेकीला संशय आलाच. एकदा तिने उत्तम वाइन मुद्दाम फटकन थुंकली.

“गेली ही,” मास्तर म्हणाले.

ती पेला पुसू लागली आणि कोरडा झाला तरी पुसतच राहिली.

त्याच आठवड्यात मालकीणबाई सांगत आल्या, “मास्तर, सोमवारी एका जुन्या घराण्याचा सगळा साठा पारखायचाय. दहा जाणकार येणारेत. शेवटचा शब्द तुमचा.” मास्तरांनी मान डोलावली. लेक पेचात पडली. बोलावे तर बाप खचेल, गप्प बसावे तर आयुष्यभराचे नाव सगळ्यांसमोर मातीत जाईल.

शनिवारी तिचा वाढदिवस होता. मास्तरांनी तिच्या जन्मवर्षाची बाटली काढली. “तीस वर्षं कोणाला हात लावू दिला नाही हिला,” असे म्हणत त्यांनी ती ओतली. लेकीने पेला नाकाशी नेला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. बुचातून हवा शिरून वाइनचा पार आंबट शिरका झाला होता. तिने घोट घेतला. मी वाट बघत राहिले. तिने गिळला.

“बाबा, पिकदाणी कोरडी,” ती म्हणाली.

मास्तरांनी घोट घेतला. त्यांनीही गिळला. “हो,” म्हणाले. “ओली पानं.”

मी खरोखरच कोरडी होते. पण दुसऱ्यांदा पेला कोणीच उचलेना. शेवटी मास्तरांनी मला तिच्यापुढे सरकवले.

“घोट घे आणि थुंक.”

“बाबा...”

“नाक गेलंय गं माझं, पण आंबट-गोड तेवढं जिभेला अजून कळतं. आंबट ढाण झालीय ही.”

“मग सांगितलं का नाहीत इतके दिवस?”

“तुला कळलं होतं ना? तू का नाही सांगितलंस?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

“आणि सोमवारी दहा जणांत फजिती झाल्यावर काय वाटणार होतं?”

तिने घोट घेतला आणि असा थुंकला, की सुरईसुद्धा किणकिणली. मग मास्तर थुंकले. दोघे हसत होते, रडत होते, आणि आळीपाळीने ती अख्खी बाटली त्यांनी माझ्यात रिकामी केली. मला इतके बरे आधी कधी वाटले नव्हते, नंतरही नाही.

सोमवारी मास्तरांनी मालकीणबाईंना स्वतःच सगळे सांगितले. त्यांच्या खुर्चीत लेक बसली. बाटल्या मात्र मास्तरांनी ओतल्या, कारण हात अजून स्थिर होता.

त्यालाही आता खूप वर्षे झाली. मास्तर येत नाहीत. पारख वरच्या मजल्यावर होते आणि ज्याला त्याला कागदी पेला मिळतो. माझी कल्हई उडाली आहे, पोटात जुनी बुचे आणि मेणबत्त्यांची थोटके पडली आहेत. मला घासूनपुसून ठेवा, असा हट्ट मी धरत नाही. आता घासून घ्यायचाही कंटाळा येतो.

पण मित्रांनो, आपल्या माणसाने प्रेमाने पुढे केलेले आंबट निघाले, तर ते त्याच्यासमोरच थुंकता येईल, एवढी सोय घरात ठेवा. मास्तर दोन वर्षे गिळत राहिले, मग लेकही गिळू लागली. आणि मी सारा वेळ दोघांच्या मध्येच बसले होते, तोंड उघडे ठेवून.