शौकिनांच्या यादीत माझं नाव

माझ्या रिटायरमेंटला काय गिफ्ट द्यायचं ते ठरवायला फॅक्टरीतल्या माझ्या सेक्शनची पोरं मोबाइल घेऊन बसली होती, आणि मी तिथेच, त्यांच्यापासून दोन हातांवर, डबा खाऊन राहिली होती. मुलगी पाहायला आलेले लोक तिच्यासमोरच तिच्याबद्दल बोलतात ना, तसं चाललं होतं त्यांचं. मी गप्प बसली. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, पण तोंडात घास होता.

कोणाला काय गिफ्ट द्यावं त्याच्या याद्या अक्षत मोबाइलवरून मोठ्यानं वाचत होता. आमचा नवा चार्जमन, म्हणजे सुपरवायझर, सत्तावीस वर्षांचा, रात्रभर गेम खेळून सकाळी डोळे चोळत येणारा. लहान मुलांसाठी चुंबकाचे ठोकळे आणि घरी जोडायचा रोबो. गेम खेळणाऱ्यांसाठी दिवे लागणारा कीबोर्ड. त्यावर तो जरा जास्तच रेंगाळला. नवीन डिग्री घेतलेल्यांसाठी घड्याळ, चांगली सॅक. शौकिनांसाठी दुर्बीण, रंगांची पेटी आणि टेबलावर मावेल एवढी, लाकूड-लोखंड कातायची लेथ मशीन.

"आणि माझ्यासारख्यांसाठी काय आहे?" मी विचारलं.

त्यानं बोट वर सरकवलं, मग अजून वर. साठीच्या बायकांसाठी गुडघ्याला बांधायचा गरम पट्टा, भजनाचा रेडिओ, पितळेची समई, गोळ्या ठेवायला सात खणांची डबी.

"ये गिफ्ट नहीं, डॉक्टर का पर्चा है," मी म्हटलं. "मला काहून त्या यादीत टाकता? शौकिनांच्या यादीत टाका. ती छोटी लेथ द्या मला."

पोरं हसली. मी नाही हसली. अक्षतनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "हो जाएगा दीदी."

आता मी कोण ते सांगते. मी विनता, या हिंदी मुलखात राहणारी मराठी बाई. बाविसाव्या वर्षी नवरा गेला तेव्हा त्याच्या जागेवर या सरकारी फॅक्टरीत लागली. पोरगा, अनुपम, दीड वर्षाचा होता. मला रेकॉर्डच्या खोलीत बसवायचा विचार होता लोकांचा, फायली लावायच्या आणि साहेबांचा चहा पाहायचा. मी म्हटलं, नवरा लेथवर होता, मी पण लेथवरच उभी राहीन. सहा महिने लोक माझी चूक व्हायची वाट पाहून राहिले. मग थकले बिचारे. अडतीस वर्षं मी लोखंड कापलं. पण जे कापलं ते सरकारी ड्रॉइंगवर होतं तेच. एक सूत इकडं नाही, एक सूत तिकडं नाही. आता मला मनातलं कापायचं होतं. लाकडाचे भोवरे, पितळेचं एवढुसं जातं, बुद्धिबळाचे हत्ती-घोडे. कोणी मागितलं म्हणून नाही, मला वाटलं म्हणून.

घरी मात्र सगळं परस्पर ठरलं होतं. अनुपम पुण्यात असतो. त्याची बायको नेहा नोकरी करते, आणि चार वर्षांच्या अवंतिकाला सांभाळायला ठेवलेली बाई सोडून गेली. म्हणजे आता आई येणार. मला कोणी विचारलं नाही. "आई, तुमची खोली तयार केली," असा नेहाचा फोनच आला. बघते, म्हणून मी ठेवून दिला. मी बघते म्हटलं की पुढच्याला हो ऐकू येतं, हा माझा जुना दोष आहे.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी कार्यक्रम झाला. हार घातले, शाल दिली, नारळ दिला. मोठे साहेब माइकवर म्हणाले, दीदी आता आराम करतील, भजन करतील, नातीला खेळवतील. मी खालमानेनं ऐकून घेतलं, कारण माझं सगळं लक्ष टेबलावरच्या रंगीत कागदात गुंडाळलेल्या खोक्यात होतं. खोकं मोठं होतं. लेथ मशीनच्या मानानं जरा उंच वाटत होतं, पण मी मनाला समजावलं की पॅकिंग असेल.

कागद फाडला तर आतून निघाली बॅग. चाकांची, निळी, चार जणांचे कपडे मावतील एवढी.

मी अक्षतकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली आणि जवळ येऊन हळूच म्हणाला, "दीदी, सर ने भैया को फोन किया था. भैया बोले, मशीन-वशीन रहने दो, बैग दे दो, मम्मी को तो पुणे ही आना है."

भैया म्हणजे माझा अनुपम, कार्यक्रमासाठी पुण्याहून आलेला. पहिल्या रांगेत बसून माझा व्हिडिओ काढून राहिला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेब माइक आवरत होते, तो मी त्यांच्या हातातून घेतला. हिंदीतच बोलली, सगळ्यांना कळावं म्हणून. म्हटलं, तुम्ही प्रेमानं दिलं, मी बॅग घेते. पण भेट माझी होती आणि विचारलं दुसऱ्याला. अडतीस वर्षं मी या मशीनवर उभी राहिली, तेव्हा कोणी माझ्या पोराला फोन करून विचारलं नाही की आईला झेपेल का. आज काहून विचारलं? मी भजन करीन की नाही ते देव आणि मी पाहून घेऊ. मी पुण्याला जात नाही. आणि या बॅगेत काय भरायचं ते मीच ठरवीन.

टाळ्या वाजल्या नाहीत. मागं क्रेनवाल्या बेबीताई होत्या, त्या तेवढ्या म्हणाल्या, "बराबर बोलली." अनुपमनं मोबाइल खिशात ठेवला.

दीक्षितपुरा या आमच्या मोहल्ल्यातल्या घरी आल्यावर तो बोलला, आणि भरपूर बोलला. लोकांसमोर माझी इज्जत काढली, नेहाला काय तोंड दाखवू, इथं एकटी पडलीस तर कोण पाहील. मी पोळ्या लाटत ऐकलं. रात्री झोपायला गेली तर खोलीत ती निळी बॅग उघडी पडली होती आणि त्यात माझ्या साड्या घड्या करून ठेवलेल्या. परवाच्या गाडीची दोन तिकिटं वर. मी एकेक साडी काढून कपाटात परत लावली. तिकिटं त्याच्या उशाशी नेऊन ठेवली.

सकाळी तो झोपेतच होता तेव्हा रिकामी बॅग घेऊन मी जवळच्या पाटण गावच्या बसमध्ये बसली. पाटणला धनेश आहे, माझ्याच हाताखाली शिकलेला, आता ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याच्याकडे एक छोटी जुनी लेथ धूळ खात पडली होती, हे मला माहीत होतं.

"दीदी, ले जाओ, मेरी तरफ से गिफ्ट," तो म्हणाला.

"गिफ्टचं माझं पोट भरलं आता," मी म्हटलं. "किंमत सांग." दिली आणि घेतली. त्यानं मोटर वेगळी केली, मोटर आणि मशीन चिंध्यांत गुंडाळून बॅगेत बसवली. परत येताना कंडक्टर बॅग उचलायला गेला आणि कंबर धरून बसला. विचारतो, अम्मा, इसमें क्या है. मी म्हटलं, मेरा सामान है.

घराच्या गल्लीत येईपर्यंत बॅगेचं एक चाक निखळलं होतं. दारात अनुपम उभा होता. दिवसभर फोन करून थकला होता बिचारा, मी उचललाच नव्हता. त्यानं बॅग उघडून पाहिली. मग पायरीवर बसला आणि म्हणाला, "लहानपणीही तू कधी घरी नव्हती, आई. शेजारच्या काकूंकडे मी जेवायचो. आता माझ्या पोरीला तरी आजी मिळेल असं वाटलं होतं."

हे मला लागलं. खोटं काहून बोलू, आतपर्यंत लागलं. रागानं बोलला असता तर मी दहा उत्तरं दिली असती. तो रडवेला होऊन बोलला. क्षणभर वाटलं, द्यावी मशीन परत आणि भराव्या साड्या. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"खरं आहे," मी म्हटलं. "नव्हती मी. तुला ताप असायचा तरी सात वाजता गेटवर हजेरी लावायची. त्याचं मला आजही वाईट वाटतं, आणि मरेपर्यंत वाटेल. पण त्याची भरपाई मी अवंतिकाला सांभाळून करणार नाही. ती तुझी पोरगी आहे, तिला तू सांभाळ. मी सुट्टीला येईन, महिनाभर राहीन, लाड करीन. राहायला येणार नाही."

त्यानं बॅगेचं निखळलेलं चाक जागेवर बसवायला घेतलं.

"ती विचारेल, आजी काहून नाही आली. काय सांगू?"

"तुझ्या लहानपणी दारात कोणी आलं की तू काय सांगायचा?"

त्याला आठवलं. हळूच म्हणाला, "आई कामावर गेली."

"मग तेच सांग. आजी कामावर गेली," मी म्हटलं. "आणि पोरीला हेही सांग, तेव्हा पोटासाठी जात होती. या वेळी स्वतःच्या मर्जीनं गेली."