दिव्यानीच्या नऊ ओळी

"संशोधन म्हणते, संशोधन म्हणते! तुमच्या त्या संशोधनानं पोंभुर्णा पाह्यलं हाये का सर कधी?"

अन्नपूर्णाबाईंच्या या प्रश्नावर पोंभुर्णा केंद्रातल्या शाळांच्या सगळ्या शिक्षकांत हशा पिकला. महिन्याची शिक्षण परिषद म्हणजे एरवी जांभया देण्याची जागा. आज मात्र सगळे ताठ बसले होते. हसले नाहीत ते एकटे प्रफुल सर. नोकरीला जेमतेम चार वर्षं झालेला हा मास्तर सांगत होता एवढंच, की अक्षर आणि त्याचा आवाज मुलांना क्रमाने, नेमाने शिकवायला हवा; नुसती वाक्यं ऐकवून आणि चित्रं दाखवून बऱ्याच मुलांना वाचन येत नाही, असं अभ्यासांत दिसलं आहे.

आणि बाईंची अठ्ठावीस वर्षं नेमकी त्या वाक्यांवर आणि चित्रांवर गेली होती. तरुणपणी त्यांनी ते प्रशिक्षण घेतलं, पुढे दुसऱ्यांना दिलंही. बाराखडीची घोकंपट्टी त्यांनी वर्गातून हाकलली आणि रडणारी पोरं हसायला लागली. याचा त्यांना भारी अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

"मंग बाई, तुमच्याच वर्गात पाहू," प्रफुल सर म्हणाले.

"या ना. चहा बी पाजीन."

दुसऱ्या दिवशी सर आले. बाईंनी तिसरीतल्या दिव्यानीला उभं केलं. वर्गातली सगळ्यात चुणचुणीत पोरगी. तिने पुस्तक उघडलं आणि हरवलेल्या शेळीचा पाठ असा खडाखडा वाचला, की बाईंनी सरांकडे एकदा विजयी नजरेने पाहून घेतलं.

सरांनी पुस्तक मिटलं. त्याच पाठातले शब्द उलटसुलट करून एका कोऱ्या कागदावर तीन ओळी लिहिल्या आणि दिव्यानीपुढे धरल्या. "आता हे वाच बरं."

दिव्यानीने बोट ठेवलं आणि त्याच आवाजात, त्याच चालीत शेळीचा पाठ सुरू केला. तीन ओळी संपल्या तरी बोट कोऱ्या कागदावरून खाली सरकतच राहिलं. कागदावर ओळी तीनच होत्या. दिव्यानीने नऊ वाचल्या. मग शाबासकीसाठी तिने बाईंकडे पाहिलं.

बाईंनी शाबासकी दिली. पोरीचा काय दोष! पण सरांकडे पुन्हा पाहायचं धाडस त्यांना झालं नाही. सरांनी कागद घडी करून खिशात टाकला, हे त्यांचे उपकारच.

संध्याकाळी बाई दिव्यानीच्या घरी गेल्या. तिचा बाप वारलू अंगणात मोहफुलं वाळत घालत होता. तोही बाईंचाच विद्यार्थी, एके काळचा लाडका.

"वारलू, दिव्यानीले वाचता येत नाई," बाई उभ्या उभ्याच म्हणाल्या. "पाठ करून म्हणते ते. माझ्या ध्यानातच नाई आलं."

वारलू फुलं पसरत राहिला. मग खाली मान घालूनच म्हणाला, "माझं तरी कुठी आलं होतं बाई तुमच्या ध्यानात?"

"म्हंजे?"

"मले बी नाई येत. तिसरीत असताना साहेब आले होते, तवा तुमी मले उभं केलं. म्या अख्खा पाठ म्हणून दाखवला. तुमी किती खुश झाले होते! मंग सांगू कसा?"

बावीस वर्षं या माणसाने बाईंचं मन जपलं होतं. बाईंना तिथेच रडू फुटलं. वारलूची बायको धावत पाणी घेऊन आली.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर बाई प्रफुल सरांच्या शाळेत गेल्या आणि मागच्या बाकावर, हातात वही घेऊन बसल्या. सरांनी मुद्दाम थांबवलेली दुसरीतली पोरं एकेक अक्षर जोडून नवा मजकूरही नीट वाचत होती. बाईंनी कौतुकाने मान डोलावली आणि विचारलं, "गलबत म्हंजे काय गा?" पोरांनी तोच शब्द पुन्हा वाचून दाखवला.

"सर, वाचून तर राह्यले. पण समजून कोन राह्यलं? गोष्टी बी पाह्यजे, गप्पा बी पाह्यजे."

"संशोधन बी हेच म्हणते बाई."

"मंग त्या दिवशी काऊन नाई सांगतलं?"

"तुमी बोलू कुठी दिलं?"

दोघंही हसले. बाईंनी त्या दिवसापासून अक्षरं शिकवायला घेतली. गोष्टी सोडल्या नाहीत. शाळा सुटल्यावर दिव्यानी तासभर थांबायची आणि तिच्या शेजारी, गुडघे पोटाशी घेऊन, वारलू बसायचा. बाप अडला की लेक सांगायची. कधी उलटंही व्हायचं.

धानाची रोवणी आटोपली आणि शाळा व्यवस्थापन समितीची सभा भरली. सभेचं टिपण बाई आधीच रजिस्टरात लिहून ठेवत. सदस्य येत, चहा घेत, बोट दाखवाल तिथे सही करत. वारलूही सदस्य होता. त्या दिवशी मात्र त्याने रजिस्टर पुढ्यात ओढलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"अरे, सही कर ना गा! वावरात जायचं हाये," शेजारचा लहानू कुरकुरला.

"थांब ना जरासा."

वारलू अडखळत, ओठ हलवत, एकेक अक्षर उचलत वाचत गेला. "वा-च-न शि-क-व-ता-ना... मु-लां-ना अ-क्ष-रं शि-क-वा-य-ची रा-हू-न गे-ली. ही चू-क मा-झी." खाली बाईंची सही होती.

वारलूने मान वर केली. "बाई, हे काऊन लिवलं? खोडून टाका."

"नाई खोडत. बरोबर वाचलं ना तू?"

"बरोबर वाचलं."

"मंग कर सही."

वारलूने सही केली आणि रजिस्टर लहानूकडे सरकवलं.

"आधी वाच," तो म्हणाला. "मंग कर."