मोरीचं माप

स्वयंपाकघरातली मोरी काढून टाकायची, असं ठेकेदार भाग्येशने माझ्या नवऱ्याला सांगितलं. मला नाही. मी तिथेच उभी राहून त्याचा चहा गाळत होते.

बोईसरचा हा आमचा जुना फ्लॅट, त्यात स्वयंपाकघर एवढंसं. "मोरीच्या जागी वॉशिंग मशीन येईल, साहेब," भाग्येश म्हणाला. "मासे काय, सिंकमध्येही साफ होतात."

प्रदीपने मान डोलावली. तो साताऱ्याचा. मासा त्याला थेट ताटातच भेटतो. माझं माहेर समुद्रकाठचं मुरबे. आम्ही मासे साफ करतो ते खाली बसून, विळीवर पाय देऊन.

मी वाद घातला नाही. रविवारी आईला बोलावलं. ती टोपलीतून ताजी बोय मासळी घेऊन आली. हिशेब समजवायला भाग्येशही आला होता. मी बोय सिंकमध्ये ठेवली आणि प्रदीपच्या हातात सुरी दिली.

"मान तू डोलावलीस, आता साफही तूच कर."

त्याने खवले काढायला घेतले. ते ओट्यावर उडाले, भिंतीवर उडाले, चहाच्या कपात पडले. एक भाग्येशच्या भुवईला चिकटला. तो पुसत त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, मोरी केवढी ठेवू?"

"आई आणि मी बसू एवढी."

आईने प्रदीपच्या हातातल्या अर्धवट साफ केलेल्या बोयकडे पाहिलं.

"तिगं बसतील एवडी कर," ती म्हणाली. "जावयाला अजून शिकायचं हाय."